मुलाम्याचं पदक

एमएस्सीला रसायनशास्त्रात मला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा आमच्या कमठाण्यात बस थांबते तिथं फलक लागला. त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये ‘ऐतिहासिक’ असं छापलं होतं. माझ्याआधी गावातून या विषयात एमएस्सीला कुणी गेलंच नव्हतं, त्यामुळे इतिहास घडवायला फारसा त्रास पडला नाही.

कलबुर्गीच्या विद्यापीठातून येताना पदक अप्पांच्या मांडीवर रुमालात बांधलेलं होतं. बीदर येईपर्यंत त्यांनी त्यावरचा हात काढला नाही. घरी आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, ते तळहातावर धरून दोनदा वरखाली केलं आणि तिचा विचार पक्का झाला.

“पोरीचं सोनं पोरीनंच आणलंय. ह्याच्या पाटल्या करू, औंदा लगीन उरकू. आता कामून थांबायलाव?” ती अप्पांना म्हणाली.

मला पीएचडी करायची होती. कलबुर्गीला जागा मिळत होती, होकार कळवायला पंधरा दिवस होते. मी तसं सांगितलं. अव्वानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मापाला म्हणून माझी जुनी बांगडी अप्पांच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी अप्पा बीदरला सोनाराकडे निघाले, सोबत मीही. पदकावर नुसतं सोन्याचं पाणी आहे हे मला ठाऊक होतं. सांगायचं राहून गेलं असं नाही, मी सांगितलंच नव्हतं. चारचौघांत अप्पांना इतकं ऐटीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच्यानं मोडवेना.

सोनारानं पदकाची कड जरा जोरानं दगडावर घासली आणि रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हिरवट होऊन नाहीशी झाली. तांब्याचं तसंच होतं, परीक्षेला मी ते लिहिलंही होतं.

“अप्पा, वरून मुलामा हाय. आत तांबं,” सोनार म्हणाला.

अप्पांनी पदक पुन्हा रुमालात बांधलं, पहिल्यासारखंच जपून. ते बघून मला रडू आलं.

अव्वा दारातच उभी होती. अप्पा तिला म्हणाले, “ह्ये मुलाम्याचं हाय. एमएस्सीला असलंच देतेत. खरं सोनं पीएचडीला देतेत. पोरीला धाडावं लागंल.”

अव्वानं विचार केला. “किती वर्सं?”

“चार-पाच.”

“मग धाडा.”

पीएचडीला पदक नसतं, कागद मिळतो. हे माहीत असून मी गप्प बसले. पोरगी खरं सोनं आणायला गेलीय, असं अव्वा गावभर सांगत होती. दर सुट्टीला मी अप्पांना खरं सांगायचं ठरवून यायची आणि न सांगता परत जायची. त्या काळात माझे प्रयोग फसले त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं याचं वाटलं.

पदवी मिळाली त्या दिवशी अप्पा एकटेच कलबुर्गीला आले. माझ्या हातात नुसता कागद होता. काय बोलायचं ते मी बसून पाठ केलं होतं.

पदक कुठंय, असं त्यांनी विचारलंच नाही. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकची कोरी फाईल काढली, बरोबर त्या कागदाच्या मापाची, आणि माझ्यापुढं धरली.

“ह्याच्यात ठिव बाई. दुमडंल न्हाईतर.”