नलूआजीची पहिली नवरी आणि गालावरची हळद

महिन्यापूर्वी मी इथे खोटं लिहिलं.

मुद्दाम नाही. पण खोटंच.

माझी नलूआजी, म्हणजे नवऱ्यांचा मेकअप करणारी माझ्या आईची मावशी, गेली त्या दिवशी मी लिहिलं होतं की तिने आपल्या पहिल्याच नवरीच्या गालावरचा भाजल्याचा डाग असा झाकला, की सासरच्यांना पत्ता लागला नाही.

पोस्टवर भरपूर बदाम आले.

आणि परवा एक फोन.

"मी शैला, घाटकोपरहून. ती नवरी मीच. सासरच्यांना फसवून लग्न केलं असं लिहिलंस होय गं माझ्याबद्दल?"

मी चारदा सॉरी म्हटलं.

"सॉरी राहू दे. काय झालं ते ऐक," म्हणाल्या आणि आधी स्वतःच हसत सुटल्या.

साठचं दशक संपत आलं होतं. नलूआजी तेव्हा विशीची, मुलुंडच्या चाळीत राहणारी, गणपतीतल्या नाटकांना रंग लावणारी. डाग झाकणारा कन्सीलर हा शब्द कुणाला माहीत नव्हता. नाटकवाल्यांची पॅनस्टिक, म्हणजे चेहऱ्याच्या रंगाची कांडी होती, त्यावरच सगळं.

शैलाआजी तिची मैत्रीण. लहानपणी स्टोव्ह भडकून गाल भाजलेला. त्यांना एवढंच हवं होतं की फोटोत सगळ्यात आधी डागच दिसू नये.

नलूआजी आदल्या दिवशीच गेली. दोन पॅनस्टिक कालवून, गालाशी धरून धरून, अगदी हुबेहूब रंग जमवला आणि डबीत भरून ठेवला.

फक्त तेव्हा नवरीला नुकतीच हळद लागली होती.

म्हणजे रंग जमला तो हळदीशी!

सकाळी नवरी बेसन लावून न्हाली, उजळ झाली. हॉलच्या खोलीत मिणमिणता बल्ब. नलूआजीने डबीतला रंग लावला, छान वाटला. गौरीहराशी बसायला नवरी उजेडात आली, तर गालावर रुपयाएवढा पिवळा गोल.

शैलाआजींची आत्या मालवणची. ती ओरडली, "गो, चेडवाच्या गालार हळद रवलीहा. पुस ती!"

आणि पुसली. पदराने. मग मामीने. मग काकूने.

गाल लालभडक, डाग पूर्ण उघडा, मुहूर्ताला वीस मिनिटं.

"नलू भोकाड पसरून रडायला लागली," शैलाआजी म्हणाल्या. "मी म्हटलं, बाई, नवरी मी आहे, रडायचं मी! आणि तो मला बघायला आला तेव्हा हाच गाल त्याच्याकडे करून बसले होते. त्याला माहितीय सगळं. तू थोडंसं लाव. मी मीच दिसले पाहिजे."

मग नलूआजीने त्यांना खिडकीशी बसवलं. गार पाण्याचा रुमाल गालावर ठेवला. लाली उतरल्यावर नव्याने रंग कालवला, करंगळीशेजारच्या बोटाने टिपके दिले. चोळलं नाही, नुसतं थोपटलं. कडा विरेपर्यंत. वर पावडर, तीही नावापुरती.

डाग थोडासा राहिला. राहू दिला.

शैलाआजींनी मला तो फोटो पाठवलाय. त्यात डाग शोधायला मला झूम करावं लागलं. पण आहे तो. आणि त्या इतक्या मनापासून हसतायत, की कुणी शोधणारच नाही.

मला नलूआजीने हे सगळं शिकवलं, ते घरातच, आईच्या चेहऱ्यावर. "थोपट गं, भिंत रंगवत नाहीयेस." उजेड खिडकीचाच हवा. रंग आधी गळ्याशी जुळवायचा. हळदीचा किस्सा मात्र कधी सांगितला नाही. मला वाटायचं ही बाई कधी चुकलीच नाही.

म्हणून ती गेल्यावर मी माझ्या पहिल्या नवरीला नाही म्हणून टाकलं.

प्रज्ञा, माझ्या मैत्रिणीची बहीण, कांदिवलीची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हनुवटीवर पिंपल्सचे डाग. ती म्हणाली होती, "मला फक्त नीट झोपलेली दाखव ना यार." मी घाबरले. माझ्यामुळे हिच्या आयुष्यभराच्या फोटोंची वाट लागली तर?

काल तिला फोन केला. दुसरी कुणी ठरवली का विचारलं.

"तुझीच वाट बघतेय गं. म्हटलं, भीती उतरली की करशील."

नलूआजी, तुझ्याबद्दल खोटं लिहिलं, माफ कर. तू चुकलीस हे कळल्यापासून मला तू जास्तच आवडतेस. सुखाने जा.

प्रज्ञाची हळद शनिवारी आहे.

मी रंग जुळवायला गुरुवारी जातेय. सकाळी दहाला, ऊन खिडकीत असताना.