अंधेरीतली रंगीत तालीम

मुंबई एका दिवसात पायी बघायची म्हटलं की लोक थेट फोर्टात जाऊन उभे राहतात. मला याचा मनापासून राग येतो. आमचं अंधेरी काय काल उगवलं? फोर्टातल्या त्या दगडी इमारतींचा पत्ताही नव्हता, तेव्हा आमच्याकडे डोंगर कोरून लेणी झाली होती. पण सांगायचं कोणाला?

गेल्या डिसेंबरात सांगायला माणूस मिळणार होतं. मुलगा चार वर्षांनी परदेशातून येणार होता, सुनेला आणि नऊ वर्षांच्या नातीला घेऊन. मुक्काम सुनेच्या माहेरी, दिल्लीला. "पण मुंबईत एक अख्खा दिवस फक्त तुझा, आई," असं तो म्हणाला होता. नातीला इतिहास आवडतो, हेही त्यानेच सांगितलं. मग काय, पोरीला आपला भाग चालत दाखवायचा असं मी ठरवून टाकलं. ऐनवेळी फजिती नको म्हणून आधी एकदा एकटीच निघाले.

सकाळी सातला गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढले. दोनदा टेकावं लागलं. वर देवीचं देऊळ, खाली नजर जाईल तिथवर टॉवर. सावली कुठे, पाणी कुठे, पोरीला नेण्यासारखा संडास कुठे, सगळं वहीत लिहीत होते. जोगेश्वरीला जाताना फुटपाथ कुठे संपतो तेही लिहिलं.

जोगेश्वरीची लेणी जमिनीच्या पोटात आहेत. वर वस्ती, खाली ओळीने खांब आणि अंधार. तिथे फुलं विकणाऱ्या बाईने विचारलं, "एकट्याच आलात, मावशी?"

"नाही गं, मंडळी मागून येतायत."

असं का म्हटलं, देव जाणे. तिने लगेच स्टूल पुढे केलं. "बसा मग, येतील."

आता बसणं भागच होतं. दहा मिनिटं मी त्या पायऱ्यांकडे बघत बसले. कोणी उतरलं की बाई माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचे. खरं सांगते, इतकं एकटं मला माझ्या रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं. शेवटी "पुढे गेले वाटतं" असं पुटपुटून उठले.

महाकालीच्या लेण्यांपाशी पोचेपर्यंत गुडघ्यांची वाट लागली होती. पण आत थंडगार, गोल दगडी स्तूप आणि त्याच्याभोवती फिरायला वाट. नातीला हीच जागा सगळ्यात आवडणार, असं मनाशी म्हणत बाहेर येऊन बसले, तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"आई, तिकिटांचा घोळ झालाय. मुंबईत आता चारच तास आहेत. तूच एअरपोर्टवर येतेस का? बाहेर भेटू. तुला जवळच आहे ना."

"येईन की. रिक्षाने कितीसा वेळ लागतो."

"तुला वाईट नाही ना वाटलं? त्या दिवसाचं तू काही ठरवलं नव्हतंस ना?"

"नाही रे. मी काय ठरवणार."

"सुटलो," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला इतक्या लांबून ऐकू आला.