शनवार तेल्याच्या लेकीचं लग्न

मुंबई सोडून इस्राएलला आलेला आयझॅक झिराडकर बेर्शेबात पहिल्यांदा धावला तो बसमागे. टाइल्सचा कारखाना शहराच्या पार बाहेर होता आणि वेळेवर पोचवणारी बस एकच. त्या सकाळी ड्रायव्हरने त्याला येताना पाहिलं, अगदी डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, आणि गाडी सोडली. मुंबईला परळच्या गिरणीत फिटर असताना आयझॅक गिरण्यांच्या शर्यती पळत असे. लांब पल्ल्याची शर्यत ही त्याची खास. चाळिशी उलटली तरी पाय विसरले नव्हते. त्याने जेवणाचा डबा काखोटीला मारला आणि सुटला. बस काही सापडली नाही, पण थोड्या वेळाने मागून धापा टाकल्याचा आवाज आला. वळून पाहतो तर भट्टीवरचा झेएव. उंच, हाडकुळा, पोलंडहून आलेला. त्याचीही बस चुकली होती.

"थांबू नकोस," झेएव मोडक्या हिब्रूत म्हणाला, "थांबलास तर मी पडेन."

भोंगा व्हायच्या आत दोघे फाटकात होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बसचं नावच टाकलं. रोज सकाळी वाळवंटातून येणाऱ्या रस्त्याच्या कडेने एक काळासावळा बुटका माणूस आणि एक गोरा लांबडा माणूस गप्पा मारत धावताना दिसू लागले. हिब्रू दोघांचीही यथातथाच. शब्द अडला की आयझॅक मराठीत बोले, झेएव यिद्दिशमध्ये, आणि गंमत म्हणजे अडत काहीच नसे.

दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या कत्तलीत झेएवचं गावाकडचं कोणी म्हणजे कोणी उरलं नव्हतं. आईबाप, बहिणी, गावचं घर, सगळं गेलं. तो तेवढा युद्धाच्या सुरुवातीलाच सरहद्द ओलांडून पळाला, तिकडेच त्याने शोशानाशी लग्न केलं, गिदोन झाला, आणि पुढे तिघं बोटीने हैफा बंदरात उतरले. आयझॅकने त्याला एका शुक्रवारी घरी नेलं. त्याच्या बायकोने, व्हायोलेटने, माशाची आंबट कढी केली होती. झेएवच्या डोळ्यांतून तिखटाने घळाघळा पाणी आलं, तरी त्याने ताट पुसून खाल्लं. व्हायोलेट स्वयंपाकघरातून नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, हा माणूस आपला आहे."

बासष्ट साली कामगार संघटनेने शहराची शर्यत ठेवली. चाळिशीवरच्या गटात आयझॅक पहिला आला. कारखान्याच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. ज्या फोरमनला इतकी वर्षं त्याचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं, तोच "आपला आयझॅक, आपला आयझॅक" म्हणून ओरडत होता. आणि त्याच दुपारी, गळ्यात पदक असतानाच, त्याची मोठी मुलगी रिव्का गिदोनला घेऊन समोर उभी राहिली. मुंबईची रिबेका ती, इथे येऊन रिव्का झालेली, इस्पितळात नर्स होती.

"पप्पा," ती म्हणाली, "आम्हाला लग्न करायचंय."

आयझॅकने झेएवकडे पाहिलं. झेएवला आधीच ठाऊक होतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. आयझॅकने त्याला एक शिवी हासडली, मराठीत, आणि मिठी मारली. एका दिवसात माणसाला शर्यत, जावई आणि व्याही मिळावा, यापरतं सुख कुठलं? हिवाळ्यात हनुक्काच्या सणाला साखरपुडा झाला. व्हायोलेटने गोड पोह्यांचा मलिदा केला, देवाचे आभार मानले.

मग त्रेसष्टच्या सुरुवातीला दोन्ही बाप मुलांना घेऊन लग्न नोंदवायला गेले. लग्न तिथे फक्त रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीत नोंदलं जाई.

कचेरीतला माणूस मऊ आवाजाचा होता. आधी त्याने गिदोनची चौकशी केली. बापाचं गाव कुठलं, आजी कोण, साक्षीदार कोण.

"गाव उरलं नाही," झेएव म्हणाला. "कोणीच उरलं नाही. आईचं नाव गिटल."

"कळतं, कळतं," तो माणूस म्हणाला, आणि त्याने लिहून घेतलं. झालं, तेवढंच.

मग तो रिव्काकडे वळला. "तुम्ही बेने इस्राएल, हिंदुस्तानातले?"

"हो," आयझॅक म्हणाला.

"मुलीच्या आजीचं नाव? आईकडच्या."

"दीना."

"दीनाची आई?"

"सिप्पोरा."

"सिप्पोराची आई?"

आयझॅक व्हायोलेटच्या माहेरची माणसं आठवू लागला. ती अलिबागकडची. सिप्पोराची आई त्याने पाहिलीही नव्हती. "का?" त्याने विचारलं.

त्या माणसाने हात जोडल्यासारखे केले. वरून हुकूम आला होता. बेने इस्राएल माणसाला बाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन तपासायचं. कोणी मध्येच परक्यांतली तर नव्हती ना, कुठे फारकत होऊन नियमाबाहेर लग्न तर झालं नव्हतं ना. "तुम्ही इतकी शतकं एकटे होता," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "आम्हाला कसं कळणार?"

"आम्हाला गावात शनवार तेली म्हणत," आयझॅक म्हणाला. आवाज चढू नये म्हणून तो टेबलाची कड धरून बसला होता. "कारण शनिवारी आमचा घाणा बंद. कुणब्याच्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं, शनिवारी झिराडकराकडे तेल मागायला जायचं नाही. आमच्याकडे पुस्तकं नव्हती, रब्बी नव्हते, पण शेमाची प्रार्थना होती आणि शनिवार होता. सगळ्या कोकणाला आम्ही कोण ते ठाऊक होतं. तुम्हाला मात्र ठाऊक नाही."

"रागावू नका. सोपा मार्गही आहे. मुलीने विधीप्रमाणे पाण्यात बुडी मारायची, नव्याने धर्म घेतल्यासारखं. फक्त संशय नको म्हणून."

रिव्का उठली. "मी रोज तुमच्या लोकांच्या जखमा बांधते," ती हिब्रूत म्हणाली, "तेव्हा कोणी माझ्या पणजीचं नाव विचारत नाही." आणि ती बाहेर गेली. गिदोन तिच्या मागे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे बाप नेहमीसारखे धावायला निघाले. अर्धा रस्ता मागे पडला. मग झेएव म्हणाला, "आयझॅक, माझं ऐक. बुडी तर बुडी. पाणीच आहे ना. बाहेर आली की लग्न. पोरांना सुख मिळू दे."

आयझॅक थांबला. इतक्या वर्षांत तो वाटेत पहिल्यांदाच थांबला होता.

"पाण्यात घालून कोणाला धुवायचंय तुला? माझ्या पोरीला, की माझ्या सासूला? की तिच्या आईला? त्या बाया पिढ्यान् पिढ्या शुक्रवारी दिवा लावत मेल्या, त्यांना आता इथे बेर्शेबात बुडवायचं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुझ्या आईचं नाव एकदा सांगितलंस आणि लिहून घेतलं. कोणी म्हटलं का, हिची आई कोण? तुझा शब्द शब्द आणि माझा शब्द काय, भुसा?"

झेएवचा चेहरा पांढरा पडला. आपल्या आईचं नाव असं भांडणात घेतलेलं त्याला सोसलं नाही. तो वळला आणि घराकडे चालू लागला. त्या दिवशी तो बसने आला.

पुढचं वर्ष वाईट गेलं. आयझॅक एकटा धावे, रागाने धावे, आणि रागाने धावणारा माणूस लवकर दमतो. कारखान्यात झेएव भट्टीकडे आणि तो यंत्रांकडे, मान वर न करता. पुढच्या शर्यतीसाठी फोरमन नाव घ्यायला आला, तेव्हा आयझॅक म्हणाला, "ज्यू कामगारांची शर्यत आहे ना? मग आधी माझी तपासणी होऊ द्या." फोरमनला वाटलं थट्टा आहे. आयझॅकने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुन्हा आला नाही.

लोक नाना सल्ले देत. कोणी म्हणे सायप्रसला जाऊन सरकारी लग्न लावा, तिथे रब्बी लागत नाही. रिव्का म्हणे, "आम्ही काय चोरी केलीय?" गिदोन हलला नाही, ही एक गोष्ट चांगली. दर शुक्रवारी तो यायचा, व्हायोलेटच्या हातचं जेवायचा, आणि बापाचं नाव काढायचा नाही. शेजारची ओरा, साधी भली बाई, एकदा म्हणाली, "आमच्या मोरोक्कोच्या लोकांनाही काय काय ऐकावं लागलं. सोडून द्यायचं." व्हायोलेट एरवी गाय होती, पण तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "ओराबाई, तुम्हाला घर वाईट दिलं असेल, काम वाईट दिलं असेल. पण तू आमच्यातली नाहीस असं तोंडावर सांगितलं का कोणी? नाही ना? मग मला सोडून द्यायला शिकवू नका."

चौसष्टचा वल्हांडणाचा सण झाल्यावर एका शुक्रवारी गिदोनने जेवणाच्या ताटावर मान खाली घालून सांगितलं, "आमचे अब्बा कचेरीत गेले होते."

"कशाला?"

झेएव त्या मऊ आवाजाच्या माणसासमोर जाऊन बसला होता. म्हणाला, माझ्या आईची आई कोण ते विचारा. तो माणूस म्हणाला, त्याची गरज नाही. झेएव म्हणाला, गरज आहे, कारण मला ठाऊक नाही. माझ्याकडे पुरावा नाही, साक्षीदार नाही, गाव नाही. आयझॅक झिराडकरचा संशय घेता, तर माझाही घ्या. तोवर माझ्या मुलाचं लग्न कोणाशीच नोंदवू नका. आणि तो तिथेच बसून राहिला, कचेरी बंद व्हायच्या वेळी शिपायाने दंडाला धरून उठवेपर्यंत. दुसऱ्या दिवशी काम सोडून परत जाऊन बसला. तिसऱ्या दिवशीही.

आयझॅक तसाच उठला. झेएवच्या दारात शोशाना उभी होती. तिने वाट दिली.

"मला सांगितलं का नाहीस?" आयझॅकने विचारलं.

"तुझ्यासाठी गेलो नव्हतो," झेएव म्हणाला. "तू म्हणालास ते वर्षभर डोक्यात होतं. माझा शब्द शब्द, तुझा भुसा. खरं होतं ते. मला लाज वाटली."

"तुझ्या आईचं नाव मी तसं घ्यायला नको होतं."

"नको होतं," झेएव म्हणाला. "बस. पाणी पी."

त्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्राएल यरुशलेमला धरणं धरायला निघाले. अश्दोदहून, हैफाहून, दिमोनाहून बसगाड्या भरभरून. बेर्शेबाच्या गाडीत पांढरी पातळं नेसलेल्या म्हाताऱ्या होत्या, तान्ही मुलं होती, आणि शेवटच्या बाकावर झेएव होता. गाडी डोंगराच्या पायथ्याला पोचली, जिथून यरुशलेमचा घाट सुरू होतो, तेव्हा आयझॅकने ड्रायव्हरला गाडी उभी करायला लावली.

"अहो, काय झालं?" व्हायोलेटने विचारलं.

"इथवर बसून आलो. यरुशलेमला माणूस चढून जातो. मी माझ्या पायांनी चढणार. कोणी उचलून आणलंय म्हणायला नको."

"या उन्हात? सत्तेचाळीस वय आहे तुमचं."

झेएव आधीच खाली उतरून बुटाच्या नाड्या आवळत होता.

तो घाट आयझॅकच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण धाव ठरला. रस्त्याच्या कडेला अठ्ठेचाळीसच्या लढाईत जळलेल्या गाड्यांचे सांगाडे, दोन्ही बाजूंना पाइनची कोवळी झाडं, आणि वर वरच जाणारी चढण. परळच्या शर्यतीत लोक शिट्ट्या वाजवत, इथे नुसते ट्रकवाले हॉर्न देत. एका वळणावर झेएवच्या पोटरीत गोळा आला. आयझॅकने तिथेच मातीत बसून त्याचा पाय चोळला. शेवटच्या चढावर दोघे चालले, मग पुन्हा धावले. धरण्याच्या जागी पोचले तेव्हा आयझॅकच्या ओठांवर मीठ साचलं होतं. आपल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्याने हात वर केला नाही. तो सरळ जाऊन व्हायोलेटशेजारी फरशीवर बसला आणि म्हणाला, "आता उठवू दे कोणाला उठवायचं ते."

धरणं लांबलं. ऊन भाजून काढत होतं. येणारेजाणारे कोणी पाणी देत, कोणी तोंड फिरवत. एक गृहस्थ थांबून म्हणाला, "एवढ्यासाठी कशाला?" आयझॅक म्हणाला, "तुमच्या आईला कोणी असं विचारलं असतं, तर तुम्ही इथे एकटेसुद्धा बसला असता." गृहस्थ निघून गेला. झेएव रजा संपल्यावर कामाला गेला, आणि सुट्टी मिळाली की पुन्हा येऊन बसला. बेने इस्राएल नसलेला तो तिथे एकटा नव्हता, पण दर खेपेला आयझॅकसाठी डब्यातलं अर्धं ठेवणारा तो एकच.

ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. हुकुमातून त्यांचं नाव काढलं गेलं. लोक रडले, नाचले. आयझॅक नाचला नाही. "दोन हजार वर्षं मी जो होतो, तो मी आहे असं यांनी मतं घेऊन ठरवलं," तो म्हणाला. "आणि मी टाळ्या वाजवायच्या?" नाव काढलं, पण चुकलो असं कोणी म्हटलं नाही, हे त्याच्या घशातून उतरत नव्हतं.

तिश्री महिन्यातले नव्या वर्षाचे सण झाल्यावर रिव्का आणि गिदोनचं लग्न लागलं. आदल्या संध्याकाळी व्हायोलेटने शोशानाच्या हातांवर मेंदी लावली. बायका कोकणातली गाणी म्हणत होत्या आणि झेएव अर्थ विचारून विचारून बेजार करत होता. लग्नाच्या छताखाली गिदोनने रिवाजाप्रमाणे पायाने पेला फोडला, तेव्हा आयझॅकला हुंदका आला. त्याने तो दाबला नाही.

जेवणं सुरू झाल्यावर मांडवाच्या दाराशी तो मऊ आवाजाचा माणूस दिसला. नोंदणी शेवटी त्यानेच केली होती, आणि कोणी बोलावलं नसताना तो आला होता. आयझॅकसमोर येऊन त्याने हात पुढे केला. "मझल तोव," त्याने अभिनंदन केलं. "माझ्या मनात तेव्हाही काही वाईट नव्हतं."

आयझॅकने त्या हाताकडे पाहिलं. झेएव शेजारी उभा होता.

"तुम्ही दारात आलात, पाहुणे आहात," आयझॅक म्हणाला. "बसा. मटण नारळाच्या दुधातलं आहे, पोटभर जेवा. पण हात मी देणार नाही."

त्याने स्वतः पान वाढलं, माणूस जेवायला बसला आहे याची खात्री केली, आणि मग तो व्हायोलेट बोलावत होती तिकडे गेला.