पायरीवरची टोपली

रविवारी उपदेश करून घरी आलो, तर ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "छान बोललात. वरवट बकालला जायला गाडी किती वाजता असते?"

विषय मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला होता. देवापुढे दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नगरच्या शाळेतली मास्तरकी सांभाळून मी रविवारी यावर इतक्यांदा बोललो आहे, की मंडळी माझ्याआधी वाक्य संपवतात. आणि वरवट बकालला राहणारा माझा थोरला भाऊ नऊ वर्षं माझ्याशी बोलत नव्हता.

आईला माती दिली त्या दिवशी, चार लोकांत, मी दादाला म्हणालो होतो, "तू तिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस." नाल्याला पूर होता, तिला घेऊन निघालेली बंडी (बैलगाडी) दोनदा मागे फिरली होती, हे मला नंतर कळलं. कळूनही मी पत्र लिहिलं नाही. पत्ता मात्र पाठ होता.

शेगावला उतरलो. राज्य नवं झालं होतं, रस्ता जुनाच होता. त्याच नाल्यापाशी एस.टी. थांबली आणि मी पायी निघालो. दोन्हीकडे कापणीला आलेली ज्वारी, समोर निळसर सातपुडा. लहानपणी हे सगळं माझंच आहे असं वाटायचं. तेवढ्यात चपलेचा अंगठा तुटला. मागून कापसाची बंडी आली, तिच्यावरच्या माणसाने मला चढवून घेतलं.

"कोनाकडे जाऊन राह्यले, गुरुजी?"

मी दादाचं नाव सांगितलं.

"म्हंजे तुमी नगरवाले भाऊ?"

मी मान हलवली. त्यानंतर गावापर्यंत तो फक्त बैलांशी बोलला.

वहिनींनी दारातच पाणी दिलं. आज हंगामाचा सण, दादा चर्चला गेले आहेत, म्हणाल्या. मी तसाच निघालो, तर त्यांनी बसवलं आणि कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) नि भरीत पुढे ठेवलं. "जेवा आधी. उपाशी मानूस माफी मांगाले जाते अन् भांडून येते."

चार-पाच ख्रिस्ती घरांचं ते टिनाचं चर्च. आत धान्य, भाजी, कोंबड्या, सगळ्यांचं दान मांडलेलं. बाहेर पायरीवर एकच टोपली होती, कणसांची आणि वांग्यांची. तिच्याजवळ दादा बसला होता. केस पांढरे झाले होते.

म्हातारे पाळक दारात आले. "इथली रीत हाय, गुरुजी. ज्याचं भावाशी वाकडं, त्याचं दान पायरीवर. नऊ सालापासून तुमचे दादा टोपली आणते अन् संध्याकाळी वापस नेते."

त्या नऊ वर्षांत नगरला माझं दान थेट आत जात होतं, वर नावही वाचलं जाई.

"सलाम, दादा."

"काऊन आला?"

"माफी मागायला. त्या दिवशी मी नको ते बोललो."

दादाने हातातलं कणीस फिरवलं. "त्या दिवशी चार लोक होते, मास्तर."

मी दारात जाऊन आतल्या मंडळींसमोर उभा राहिलो. तासभर न अडखळता बोलणारा मी, तीन वाक्यांत घामाघूम झालो. "दादाने आईला नेलं होतं. पुरामुळे पोचता आलं नाही. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर खोटा आळ घेतला."

पाळक टोपली उचलायला वाकले. दादाने तिच्यावर हात ठेवला.

"राहू द्या. त्यानं त्याचं केलं. माहं मन अजून साफ नाई झालं. देवापुढं खोटं कसं नेऊ?"

मी खालच्या पायरीवर बसलो. आत गीत सुरू झालं. दादा बाहेरूनच गाऊ लागला, मीही. आई जिथे हमखास सूर चुकवायची, तिथे दोघांनीही चुकवला. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही, पण जरासा सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बंडीतून नाल्यापर्यंत सोडलं.

"पुढच्या सणाले ये."

"तोवर मन साफ होईल?"

"मले काय मालूम? तू ये तं खरं."

घरी बायकोने विचारलं, "झाला समेट?" शास्त्रात 'आधी जा' हे स्पष्ट आहे. गेल्यावर किती दिवस लागतात, ते लिहिलेलं नाही. मी म्हणालो, "जाऊन आलो."

त्याला पाच महिने झाले, पुढच्या सणाला अजून सात आहेत. दादाने मला माफ केलेलं नाही, तरी त्याच्याकडे जायची एवढी ओढ मला नऊ वर्षांत कधी लागली नव्हती.