उलट्या फेऱ्या

सौंसरात फवारणी पंपांचं दुकान चालवणाऱ्या गजेंद्रची बायको घर सोडून पांढुर्ण्याला गेली, आणि गजेंद्र नेता झाला. तोवर दुकानाबाहेर त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. जाताना अश्विनीने पोलिसांत मारहाणीची तक्रार दिली. तीत सासूचंही नाव घातलं. म्हाताऱ्या पंचफुलाबाईने सुनेला कधी बोट लावलं नव्हतं, तरी तिला अख्खा दिवस ठाण्याच्या बाकावर काढावा लागला. ते पाहिलेल्या लोकांना गजेंद्रचं म्हणणं पटलं की तक्रार साफ खोटी आहे.

मग त्याने पत्नीपीडितांची समिती काढली. बोरगावचा देवीदास आणि त्याच्यासारखे काही पोळलेले गडी जमले. खोटं कशाला बोला, त्यांतल्या काहींची दुखणी खरी होती. गजेंद्रचं भाषण मात्र ठरलेलं: या स्त्रीमुक्तीवाल्यांनी घरं फोडली, कायदा बायकांचा, पोटगी पुरुषाच्या माथी, त्याला वाली कोण? तिकडे अश्विनी पांढुर्ण्यात महिला मंडळ चालवू लागली, तिने भर सभेत याची सालं काढली. दोघांत विळ्या-भोपळ्याएवढं सख्य.

यंदा वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी समितीने पिंपळाला उलट्या फेऱ्या घालायचं ठरवलं. मागणं एकच, पुढल्या साती जन्मांत हीच बायको नको. फेऱ्या रंगात आल्या असताना अश्विनी येऊन उभी राहिली. हातात राजीखुशीच्या घटस्फोटाचे कागद होते.

"सात जन्माचं देव पाहील," ती म्हणाली. "या जन्माचं तुमच्या हातात आहे. करा सही."

"अन् पोटगी?"

"नको. काहीच नको मले."

गजेंद्रच्या भाषणातला अर्धा मजकूर तिथंच संपला. "माया मायले ठाण्यात बसवलं तुनं!" तो ओरडला.

"त्यांचं नाव टाकायले नको होतं. वकिलानं सांगितलं, मी ऐकलं. लाज वाटते मले त्याची. पण मारणारा हात तुमचाच होता."

"खोटारडी!"

देवीदासला यात भांडण्यासारखं काही दिसेना. "भाऊ, करून टाक ना सही," तो म्हणाला. "आपण हेच तं मांगून राहिलो. मायी बायको असे कागद घेऊन आली असती, तं मी नाचलो असतो."

गजेंद्रने पेन घेतलं. कागदावर नेलंही. सही केली की उद्यापासून ही कोणाची कोणी नाही. पांढुर्ण्यात ताठ मानेने हिंडणार, मनात आलं तर दुसरं लग्न करणार, आणि आपण कोणाला काही सांगू शकणार नाही. हे त्याला सोसलं नाही. बायको नको होती, पण ती सुटलेलीही नको होती. त्याने पेन भिरकावलं.

"नाही करत! मरेपर्यंत मोकळी नाही सोडणार तुले! जिथं जाशील तिथून झिंज्या धरून आणीन!"

बोलता बोलता त्याचा हात उठला. अश्विनी जागची हलली नाही.

"तक्रारीत मी हेच लिहिलं होतं," ती जमलेल्या पुरुषांना म्हणाली. "याच शब्दांत."

हात खाली यायच्या आत देवीदासने तो मनगटाशी धरला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "तू तं म्हणत होता, तक्रार खोटी आहे."