भावाच्या बंदुकीसाठी दुर्बीण

"ताई, शॉटगनवर कुठला स्कोप लावू गं?" असं माझ्या भावानं विचारलं, तेव्हा मी बाबांना मऊ भात भरवत होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कशावर?"

"बंदुकीवर. हरणाच्या शिकारीला जायचंय. ऑफिसातले सगळे जातात. आमच्याकडे कायद्यानं रायफल चालत नाही, शॉटगनच लागते. तिच्यावर दुर्बीण बसवायची. तू डोळ्यांची माणूस, तुला कळेल."

मी बुधवार पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. इतक्या वर्षांत बंदुकीबद्दल मला कोणी विचारलेलं नाही. ओठांवर आलं होतं, की इथे बाबांचा उजवा हात उचलत नाही आणि तुला हरणं सुचतायत. पण बाबांच्या हनुवटीवर भात सांडला, तो पुसण्यात ते राहून गेलं.

बाबांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्द दोनच उरले, 'असू दे'. भूक लागली तरी असू दे, कूस दुखली तरी असू दे. ज्या माणसानं पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर माल तपासला आणि केसाइतका फरक असला तरी परत पाठवला, तो आता कशालाही असू दे म्हणत होता. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. दिवसा एक मावशी यायच्या, त्या गेल्या की मी.

भाऊ परदेशातून शनिवारी फोन करायचा. तिकडे सकाळ, इथे दिवेलागण. "कधी येतोस?" असं मी प्रत्येक वेळी विचारायची आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "ताई, स्टॅम्पिंग." देश सोडला तर परत जायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो. त्याच्या ओळखीची दोन माणसं त्यासाठी इकडे आली ती अडकूनच पडली, तिकडे नोकऱ्या गेल्या. हे मला समजत होतं. समजत होतं म्हणूनच जास्त त्रास व्हायचा. रागवायचं कोणावर?

"बाबा, कसे आहात?" तो विचारायचा. बाबा म्हणायचे, असू दे. मग तो खाली बघायचा आणि घाईघाईनं म्हणायचा, "ताई, ते स्कोपचं बघितलंस का?"

आणि मी बघायला लागले होते. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर वाचत बसायची. त्याला लाल ठिपक्याची दुर्बीण हवी होती, आत एक प्रकाशाचा ठिपका दिसतो ती. मी म्हटलं, "ती अजिबात घेऊ नकोस."

"का? सगळे तीच घेतात."

"सगळ्यांना तुझा नंबर नाहीये. तुझा सिलिंड्रिकल आहे, बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नाही; डावा कमी, उजवा जास्त. तुला तो ठिपका गोल दिसणार नाही, फाटका दिसेल."

तो हसला. "तुला अजून पाठ आहे?"

"तुझे सगळे चष्मे कोणी केले?"

मग मी त्याला बाकीचं सांगितलं. हरीण झाडीत जवळच असणार, तेव्हा फार मोठं दाखवणारी नको, कमी ताकदीची घे म्हणजे आजूबाजूचंही दिसेल. आणि मुख्य म्हणजे डोळा काचेपासून बराच लांब ठेवता येईल अशी घे. शॉटगनचा धक्का जबर असतो, त्यात तुला चष्मा, दुर्बिणीची कड भुवईत घुसेल. तो मन लावून ऐकायचा, कंपन्यांची नावं सांगायचा, मी वाचून पुढच्या शनिवारी नाही म्हणायची. लहानपणापासून आम्ही एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो. मावशी म्हणाल्या, "भाऊ काय म्हणतोय? आज तुमचा चेहरा जरा बरा दिसतोय." मी म्हटलं, "बंदूक घेतोय." त्यांनी एकदा बाबांकडे बघितलं आणि चपला घातल्या.

शेवटी मी सांगितलेली दुर्बीण त्यानं घेतली. ती तो फोनपुढे फिरवून दाखवत होता तेव्हा बाबांनी डावा हात उचलला आणि स्क्रीनकडे नेला. बोटं काचेला लागली, फोन आडवा झाला. मी तो सरळ करेपर्यंत बाबा रडायला लागले होते, तोंड वाकडं करून, आवाज न करता. त्यांना ती वस्तू हातात घेऊन बघायची होती, की मुलगा हवा होता, मला कळलं नाही. भाऊ म्हणाला, "ताई, मी नंतर करतो," आणि फोन बंद झाला.

थंडी सुरू होताना बाबांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात नेलं, पण पहाटे गेले. मी दिवसभर भावाला फोन लावत राहिले, लागेना; मेसेज टाकून ठेवला. शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस होता, तो आदल्या संध्याकाळपासूनच रानात होता. थांबायचं तरी किती, म्हणून दिवेलागणीला आम्ही वैकुंठ स्मशानभूमीत गेलो. तिथे त्याचा फोन आला. अंगात शिकाऱ्यांचं भगभगीत केशरी जाकीट, मागे निष्पर्ण झाडं.

"ताई, बाबा कुठायत?"

मी फोन वळवला. विद्युतदाहिनीचं दार तोवर खाली आलं होतं. त्याला लोखंडी दार तेवढं दिसलं. तो ते बघत राहिला आणि मीही फोन तसाच धरून उभी राहिले, हात भरून येईपर्यंत.

काही दिवसांनी तो म्हणाला, "मी हरीण मारलं गं. मेसेज बघायच्या जरा आधी. सुतकात मारलं असं होतं का?"

"तुला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं."

"नीट दिसलं?" मी विचारलं. का विचारलं, मला सांगता येणार नाही.

"एकदम स्पष्ट. भुवईला लागलंसुद्धा नाही." आणि मग तो ओक्साबोक्शी रडला. मांस फ्रीजरमध्ये पडलंय, उघडवत नाही, म्हणाला. मी म्हटलं, मित्रांना देऊन टाक.

त्यानं ते दिलं. बंदूकही विकली. भाड्यानं आणलेली बाबांची खाट दुकानवाले घेऊन गेले आणि त्या खोलीत आता काहीच नाही. फोन अजून शनिवारी येतो. जेवलीस का, तो विचारतो. जेवले. थंडी आहे का पुण्यात? आहे थोडी. नंतर आम्ही दोघंही काहीतरी विषय शोधत बसतो. मधेच त्याचा चेहरा स्क्रीनवर थिजतो, आणि रेंज गेलीय की तोच गप्प बसलाय, हे मला ओळखता येत नाही.