सोफ्यावरचं प्लास्टिक

रविवारी सकाळी आईने आणि मी नवा सोफा घेतला. कापडावर डाग पडू नयेत म्हणून जादा पैसे भरून लेप लावून घ्यायचा का, असं दुकानदाराने विचारलं.

जुन्या सोफ्यावरचं प्लास्टिक वडिलांनी तसंच ठेवलं होतं. उन्हाळ्यात पाय चिकटायचे, उठताना चर्रकन आवाज व्हायचा. ताईला बघायला मंडळी येणार असली की ते निघायचं. तेव्हा वडील समोर लाकडी खुर्चीवर बसत. मंडळी गेली की प्लास्टिक परत चढायचं.

“चहा सांडला तर, मावशी?” दुकानदार म्हणाला.

“सांडू दे की. आमचे हे जपत जपत गेले, कापडावर एकदाही बसले नाहीत.”

मंगळवारी सोफा लेपाशिवाय आला. दुपारी आई त्यावर झोपली.